शीग

पुढच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, हंगामाचा सण आहे आणि काल आईने मला माळ्यावर चढवून आजीचं धान्य मोजायचं मापटं काढायला लावलं. पितळेचं आहे, बुडाला एका बाजूने चेपलेलं, आणि काठाजवळ कुणीतरी खिळ्याने छोटा क्रूस ओरखडलाय, कुणी ते आता कुणालाच आठवत नाही. चिंच लावून घासलं तेव्हा आतून अजून पिवळंधम्मक निघालं. ते ओट्यावर उपडं घालून ठेवलंय आणि कालपासून येता-जाता माझं लक्ष तिकडेच जातंय, म्हणून म्हटलं आज लिहूनच टाकू, बरेच दिवस मनात आहे.

ज्यांनी हंगामाचा सण बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काही मंडळ्यांमधे याला कापणीचा सण म्हणतात. पीक घरात आलं की देवाच्या घरी त्यातलं पहिलं न्यायचं, जुन्या करारात इस्राएली लोक टोपलीत प्रथमफळ घालून न्यायचे तसंच. आमच्या गावाला, म्हणजे नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर), दिवाळी झाली आणि बाजरी घरात आली की हा सण व्हायचा. वेदीच्या दोन्ही बाजूंना ऊस बांधलेले, कणसांची तोरणं, समोर डांगर, भोपळे, मेथीच्या जुड्या, शेंगा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी जी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेच्या मधेच फडफडणार, एखाद्या वर्षी शेळीचं करडू. मागच्या बाजूने डफ, झांजा आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. उपासना संपली की बाहेर लिंबाखाली लिलाव. मंडळीतले एक वडील उभे राहून ओरडायचे, एक वार, दोन वार, आणि तीन वार म्हणायच्या आधी कुणीतरी दहा रुपये वाढवायचंच. एकदा एका म्हाताऱ्या बाईने एकच अंडं आणलेलं, पदरात गुंडाळून, कारण तिच्याकडे एकच कोंबडी होती. ते अंडं ज्याने घेतलं त्याने पैसे दिले आणि अंडं परत टेबलावर ठेवलं, मग दुसऱ्याने घेतलं, त्यानेही परत ठेवलं. असं ते अंडं चार-पाच वेळा विकलं गेलं आणि शेवटी पाळकसाहेबांनी ते त्या बाईलाच दिलं की घरी जाऊन खा. मी सात-आठ वर्षांची असेन, पण त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो.

आजी मात्र दरवर्षी एकच गोष्ट न्यायची. मापटंभर धान्य. आणि ते भरायची तिची एक पद्धत होती. पोत्यात मापटं खुपसायची, वर काढायची, जमिनीवर दोनदा आपटायची म्हणजे दाणे खाली बसतात, मग परत वर ओंजळीने घालायची, आणि काठाच्या वर त्याचा डोंगर होईपर्यंत घालत राहायची. त्या डोंगराला शीग म्हणतात. शीग लावलेलं मापटं हातात धरून ती अर्धा कोस चालत चर्चला यायची, एक हात वरून अलगद झाकलेला, आणि आम्हा पोरांना ताकीद असायची की धक्का लावायचा नाही. मी एकदा विचारलं, आजी पिशवीत घे की, काय सांडत नाही. तर म्हणाली, पिशवीत शीग दिसत नाही.

त्याचं कारण मला खूप उशिरा कळलं, मी कॉलेजला असताना. आजीच्या लहानपणी तिचे आजोबा गावकीचं काम करायचे. त्या कामाचं बलुतं मिळायचं सुगीच्या वेळी खळ्यावर. खळ्याच्या आत जायचं नाही, लांब उभं राहायचं आणि पदर किंवा घोंगडी पसरायची, शेतकरी वरूनच माप ओतायचा, हाताला हात लागू नये म्हणून. आणि ओतायच्या आधी मापाच्या काठावरून हात फिरवायचा. शीग पुसून टाकायचा. आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती, ती आजोबांबरोबर जायची, आणि एवढ्या वर्षांनी सांगताना तिने बाकी काही नाही, तो हात करून दाखवला, हवेत, असा आडवा फिरणारा. म्हणाली, वर्षभर राबायचं आणि वर म्हणायचं धन्यासारखा धनी नाही, उपकार झाले. आमच्या कामाचं धान्य आम्हाला द्यायचे, पण उपकार म्हणून.

हे ऐकल्यापासून उपकार या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. मराठीत हा शब्द बोलण्यात येतो तो बहुतेक वेळा कडूच येतो बघा. उपकार कर माझ्यावर आणि गप्प बस. मी कुणाचे उपकार ठेवत नाही. उपकाराचं ओझं. कुणी आपल्यासाठी काही केलं की आपण लगेच हिशोब करतो, कधी फेडायचं, कारण नाही फेडलं तर आपण मिंधे. आणि आमच्या पवित्र शास्त्रात कृतज्ञतेसाठी शब्द काय तर उपकारस्तुती! घरात बाळ झालं की उपकारस्तुतीची प्रार्थना, मुलगी पास झाली, आजारी माणूस घरी आलं, नवीन घर घेतलं की उपकारस्तुतीची प्रार्थना, पाळकसाहेब येणार, दोन गीतं होणार, चहा आणि चिवडा. आम्ही हा शब्द इतका सहज वापरतो की त्यातला उपकार आम्हाला ऐकूच येत नाही. पण ज्या लोकांना पिढ्यानपिढ्या गावाचे उपकार मानायला लावले, त्यांनी हा शब्द देवासाठी वापरायचा म्हणजे काय, याचा विचार मी आजीमुळे केला.

आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मधे सुरू झालं, आणि त्यातून जे ख्रिस्ती झाले त्यातले बहुतेक महार आणि मांग समाजातले. तेव्हापासून एक टोमणा आमच्या मागे लागलेला आहे, की हे लोक गव्हासाठी, दूधभुकटीसाठी ख्रिस्ती झाले. मला शाळेत ऐकवलाय कुणीतरी, माझ्या वडिलांना ऐकवला होता. म्हणजे तिथेही तेच, तुम्ही मिंधे, आधी गावाचे आता मिशनचे. लहानपणी मला याचा राग यायचा आणि उत्तर नसायचं. आता वाटतं उत्तर आजीच्या हातात होतं, चालत जाताना तिने धरलेलं. जिच्या आजोबांच्या मापाची शीग पुसली ती बाई देवासमोर शिगेसकट माप घेऊन जाते, आणि सगळ्या गावाला दिसेल असं रस्त्याने जाते. घेणारी होती ती देणारी झाली. १९५८ च्या कायद्याने वतनं गेली, गावकी सुटली, ते तर झालंच पाहिजे होतं आणि ते ज्यांनी लढून मिळवलं त्यांचंही ऋण मोठं आहे. पण मनातलं मिंधेपण कायद्याने एका दिवसात जात नाही, आजीचं कसं गेलं ते मी सांगतेय. ती म्हणायची माझ्यावर उपकार करणारा एकच आहे आणि तो हिशोब ठेवत नाही.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे, सगळ्यांना माहीत असते, शब्बाथ शाळेत आपण चित्रं रंगवलेली असतात. दहा बरे झाले, एकच परत आला, येशू म्हणाला बाकीचे नऊ कुठे आहेत. यावर ठरलेला उपदेश असा असतो की आपण त्या नवांसारखे कृतघ्न होऊ नये. बरोबर आहे, चूक नाही. पण आजीचं लक्ष त्या गोष्टीत भलतीकडेच असायचं. ते दहा जण दूर उभे राहून ओरडले असं लिहिलंय, आणि आजी म्हणायची, "दूर उभं राहणं काय असतं ते तुम्हा पोरांना नाही कळायचं." दुसरं म्हणजे जो परत आला तो शोमरोनी होता, म्हणजे यहुद्यांच्या लेखी हलका, ज्याच्या हातचं पाणी चालत नाही असा. तो आला, येशूच्या पायांवर पालथा पडला, उपकार मानले. आता धनी असता तर त्याला पायाशीच ठेवून घेतलं असतं. येशू त्याला पहिला शब्द काय म्हणतो? ऊठ. ऊठ, जा. मी कितीतरी वर्षं हे वाक्य वाचत होते आणि ऊठ हा शब्द माझ्या नजरेतून निसटत होता. गावाचे उपकार मानायचे तर वाकून उभं राहायला लागायचं, इथे मात्र आभार मानणारा माणूस ताठ होऊन, स्वतःच्या पायांनी चालत घरी गेलाय. मला तर वाटतं सगळ्या शुभवर्तमानात कृतज्ञतेबद्दल याच्याएवढं मोठं काही सांगितलेलं नाही.

हे झालं माझ्या समजुतीचं. पण ही समजूत असूनही माझी जीभ एकदा अडकली, तेही लिहिते, कारण त्याशिवाय हे सगळं पुस्तकी वाटेल.

एप्रिल २०२१. ज्यांनी तो महिना पुण्यात काढला त्यांना काही सांगायला नको. बेडसाठी फोन, रेमडेसिव्हिरसाठी रांगा, रात्रभर ॲम्ब्युलन्सचे आवाज. पप्पा अकरा दिवस ॲडमिट होते आणि बाराव्या दिवशी पहाटे गेले. दफनाला आम्ही चार जण, पाळकसाहेबांनी पीपीई किट घालून पाच मिनिटांत प्रार्थना संपवली, त्यांचाही इलाज नव्हता, त्या दिवशी त्यांची ती तिसरी. घरी आले, फोन उघडला तर ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, १ थेस्सलनीकाकरांस ५:१८, खाली हात जोडलेले आणि फुलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला आता कळतं. पण त्या क्षणी मी फोन पलंगावर फेकला. कसली उपकारस्तुती? कशाबद्दल? बाप गेला म्हणून?

त्यानंतर आठेक महिने मी धन्यवाद हा शब्द प्रार्थनेत उच्चारला नाही. जेवणाआधीची प्रार्थना सुद्धा नाही, नवरा करायचा, मी डोळे मिटून गप्प. इतरांच्या साक्षी ऐकवायच्या नाहीत. मुलाला व्हिसा मिळाला, प्रभूची स्तुती. फ्लॅटचं पझेशन मिळालं, प्रभूची स्तुती. आम्ही सगळे कोविडमधून सुखरूप निघालो, देवाने आमचं घर राखलं. आणि मी मागच्या बाकावर बसून विचार करायचे, मग आमचं का नाही राखलं? हे मी आज शांतपणे लिहितेय पण तेव्हा फार जळत होतं. माझं स्पष्ट मत आहे, मंडळीत साक्ष देताना मागच्या बाकावर कोण बसलंय ते जरा बघावं. देवाने दिलं ते सांगू नका असं नाही म्हणत, जरूर सांगा, पण आभार हे मिळालेल्या गोष्टींची यादी वाचण्यासारखे झाले की ज्याची यादी रिकामी आहे त्याला वाटतं देवाच्या घरात आपली जागाच नाही.

पप्पांना महिना झाला तेव्हा आई म्हणाली घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवू. मी तिच्याशी भांडले. म्हटलं आई, स्मरणाची प्रार्थना म्हण, शोकाची म्हण, हा शब्द नको. ती काही बोलली नाही. लॉकडाऊनच होतं, बाहेरचं कुणी येणार नव्हतं, आम्ही घरातलेच बसलो आणि तिने स्वतःच प्रार्थना केली. सुरुवातीला ती देवाशी भांडली. अक्षरशः. तू का नेलंस, अजून नातीचं लग्न बघायचं होतं त्यांना, मला शेवटचं तोंडही बघू दिलं नाहीस, पिशवीत बांधून दिला माझा माणूस. मग रडली, आम्ही सगळेच रडलो. आणि मग मधेच, आवाज तसाच फुटलेला, तिने नावं घ्यायला सुरुवात केली. बापा, त्या वॉर्डातल्या सिस्टरसाठी तुझे उपकार, तिने स्वतःचा फोन यांच्या कानाला लावला आणि माझा आवाज त्यांना ऐकवला. त्या रिक्षावाल्या पोरासाठी तुझे उपकार, कुणी नेत नव्हतं तेव्हा त्याने यांना बसवलं. समोरच्या वहिनींसाठी, चौदा दिवस दाराबाहेर डबा ठेवला त्यांनी, बेल वाजवून लांब जाऊन उभ्या राहायच्या. एक्केचाळीस वर्षांच्या संसारासाठी. यांनी मला सायकल शिकवली त्यासाठी. हे सायकलचं आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं! लग्नाच्या पहिल्या वर्षी, गावाबाहेरच्या माळावर, पहाटे, कुणी बघू नये म्हणून.

पप्पा गेले याबद्दल तिने आभार मानले नाहीत. एका शब्दानेही नाही. आणि ग्रुपवरचं ते वचन लिहिणाऱ्या पौलाने तरी तिथे कुठे म्हटलंय की सर्व स्थितीबद्दल करा, तो स्थितीत म्हणतोय. मरण हा शत्रू आहे असं तोच दुसरीकडे लिहितो, शेवटचा शत्रू. शत्रूचे आभार कुणी मानत नाही.

नंतर मी स्तोत्रसंहिता वाचायला घेतली तेव्हा दिसलं की आईने केलं ते नवीन नव्हतंच. तेरावं स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचं आहे, सुरुवात आहे हे परमेश्वरा, कोठवर? तू मला कायमचा विसरलास का? आणि संपतं ते त्याने माझ्यावर उपकार केले म्हणून मी गाईन असं. मधे परिस्थिती बदलल्याचं काहीही लिहिलेलं नाही. शत्रू तिथेच आहे, दुःख तिथेच आहे. आणि प्रभुभोजनाचे शब्द आपण दर महिन्याला ऐकतो, ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि आभार मानून ती मोडली. कॅथलिक बंधुभगिनी ज्याला युखरिस्त म्हणतात तो मूळ ग्रीक शब्दच आभार मानणे असा आहे. ती रात्र कसली होती ते बघा. यहूदाने धरून द्यायचा सौदा आधीच केलेला, उद्या काय होणार ते येशूला माहीत आहे, आणि हातात भाकर आहे तर भाकरीसाठी आभार. आपल्या मराठी शास्त्रात तिथे भाकर हा शब्द आहे हे मला फार आवडतं, कारण आजीकडे भाकर हीच मोजायची गोष्ट होती.

बहात्तरच्या दुष्काळाचं ती सांगायची. पप्पा तेव्हा शाळेत होते. विहिरी आटल्या, जनावरं गेली, आजी आणि आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला, आणि खायला रेशनची मिलो, लाल ज्वारी, अमेरिकेतून आलेली, जिची भाकर थापताना तुटायची आणि गिळताना घशाला टोचायची. मी विचारलं होतं, मग त्या वर्षी हंगामाचा सण झाला का? पीकच नाही तर कसला हंगाम. तर म्हणाली, "झाला की. हबक्कूक वाचला पाळकांनी." म्हणजे जुन्या करारातला तो उतारा, अंजिराच्या झाडाला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. त्या वर्षी लोकांनी काय आणलं? कुणी मजुरीतली नाणी आणली, कुणी सुकडी आणली. आजीने मिलो नेली. हेच मापटं. शीग लावून.

घरात खाणारी सहा तोंडं असताना ती शीग लावणं योग्य होतं का, हा प्रश्न मला पडलाय, खोटं कशाला सांगू. पप्पांना त्या रात्री पोटभर मिळालं का मला माहीत नाही. पण त्या दिवशी ते धान्य मंडळीतल्या दोन विधवांच्या घरी गेलं एवढं पप्पा सांगायचे, आणि हे सांगताना ते कधी कडवट झाले नाहीत. पंडिता रमाबाईंबद्दल वाचताना मला हेच आठवतं. तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावलेली बाई १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाते आणि उपाशी मुलींना घेऊन पुणे जिल्ह्यातल्या केडगावला येते, पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतूनही आणते. आपण वाचलो याचे आभार तोंडाने मानून ती बसली नाही.

माझी जीभ कधी सुटली ते सांगायचं राहिलं. काही चमत्कार वगैरे झाला नाही. त्याच वर्षी डिसेंबरच्या ३१ तारखेच्या रात्री वर्षअखेरची उपासना होती, पाळकसाहेबांनी साक्षीसाठी वेळ दिला, आणि मी उठले, का उठले ते मलाही कळलं नाही, आणि फक्त म्हणाले, माझ्या वडिलांनी माझ्या आईला सायकल शिकवली होती, त्यासाठी देवाचे उपकार. आणि खाली बसले. काही लोकांना काही कळलं नसणार. पण माझ्या मागच्या बाकावरच्या एका बाईंनी, ज्यांचा मुलगा त्याच लाटेत गेला होता, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रार्थना संपेपर्यंत काढला नाही.

तर आता पुढचा रविवार. इथे शहरात आमच्या मंडळीच्या हंगामाला शेती कुणाचीच नाही, लोक तांदळाची पाकिटं आणतात, तेलाच्या पिशव्या, केक, लोणच्याच्या बरण्या, लिलावाचे पैसे फोनवरून जातात. काहींना वाटतं यात काय हंगाम राहिला. मला तसं वाटत नाही, महिन्याचा पगार हेही पीकच आहे आणि ते येतं तेव्हा त्यामागे कुणाकुणाचे हात असतात ते तर शेतापेक्षाही जास्त विसरायला होतं.

बाजरी मी मार्केटयार्डातून आणली, दोन किलो. आज संध्याकाळी आईने सहज बघायला म्हणून मापटं भरायला घेतलं, मुलगी शेजारी बसली होती. आईचे हात आता थरथरतात म्हणून मापटं आपटलं मुलीने, दोनदा, आई सांगेल तसं. दाणे खाली बसले. मग ओंजळीने वरून घातले आणि काठाच्या वर यायला लागले तसा पोरीने सवयीने, आपण कपाने पीठ मोजताना करतो ना तसा, हात सपाट करून काठावरून फिरवायला घेतला.

आईने तिचं मनगट धरलं. "पुसू नको गं," म्हणाली, "घाल अजून."

आणि ती घालत राहिली, दाणे घरंगळून ओट्यावर पडत होते, पोर ते एकेक वेचून परत टोकावर ठेवत होती.